एका थेंबातले दोनशे सत्तर परार्ध

पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीच्या कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग होतो. परीक्षानळीत अंड्याच्या पांढऱ्याचा एक थेंब घेऊन पाण्यात घोळवायचा, त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालायचं आणि मग मोरचुदाच्या पातळ द्रावणाचे दोन थेंब सोडायचे. नळी हलवली की निळा रंग जातो आणि जांभळा येतो. मुलं वहीत ‘प्रथिन आहे’ असं लिहितात, बाई बरोबरची खूण करतात आणि तास संपतो. (कॉस्टिक सोडा कातडी भाजतो आणि मोरचूद विषारी आहे, म्हणून हे घरी करून पाहू नये. शाळेतही चष्मा लावून, मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावं.)

वहीतलं ते उत्तर बरोबरच आहे. पण जांभळा रंग नेमका कशामुळे आला आणि तो यायला नळीत किती गर्दी जमावी लागली, हा हिशेब तासाला होत नाही. तो एकदा मांडलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तो कळला की नळीकडे बघण्याची नजरच बदलते.

वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. म्हणजे आपला थेंब पन्नास मिलिग्रॅमचा. त्यात बहुतेक पाणी; प्रथिन सुमारे पाच मिलिग्रॅम. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साखळीतल्या दोन अमिनो आम्लांमधल्या जोडाला पेप्टाइड बंध म्हणतात. मोरचुदातल्या तांब्याचा आयन अल्कधर्मी द्रावणात या बंधांमधल्या नायट्रोजनांना धरून बसतो, एका वेळी सहसा चार नायट्रोजनांना. या धरण्यामुळेच निळ्याचा जांभळा होतो. म्हणजे या चाचणीत दिसतात ते बंध.

पाच मिलिग्रॅम प्रथिनात असे बंध किती? साखळीतल्या एका दुव्याचं, म्हणजे एका अमिनो आम्लाचं, सरासरी रेणूवजन ११० धरून त्याने भागलं आणि ॲव्होगॅड्रोच्या संख्येने गुणलं, तर उत्तर येतं २७ वर अठरा शून्यं. कोटी आणि अब्ज इथे तोकडे पडतात. पण आपल्याकडे यासाठी जुनी शिडी तयार आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, संख्यांची नावं कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी चढत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. शिडीची ही शेवटची पायरी. अंड्याच्या एका थेंबात पेप्टाइड बंध आहेत दोनशे सत्तर परार्ध.

हे मोजायला बसलं तर? एका सेकंदाला एक बंध या वेगाने, न झोपता न थांबता, एकट्या माणसाला सुमारे ८७ हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं मानतात. त्याच्या साठपटीहून जास्त. सगळ्या पिंपरी-चिंचवडला कामाला लावू. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सव्वासतरा लाखांच्या आसपास माणसं होती. पाळण्यातल्या बाळासकट सगळ्यांनी मोजलं, तरी काम संपायला पाच लाख वर्षं लागतील. आणि परीक्षानळीत तांबं हेच काम डोळ्यांदेखत काही क्षणांत उरकतं.

तांब्याचाही हिशेब करू. एक टक्का मोरचुदाचे दोन थेंब, म्हणजे सुमारे २४ परार्ध आयन. २७० परार्ध बंध आणि २४ परार्ध आयन: एका आयनाच्या वाट्याला अकरा बंध. म्हणून सगळं तांबं धरलं जातं आणि रंग स्वच्छ जांभळा येतो. मोरचूद धसमुसळेपणाने भसाभस ओतलं, तर धरायला बंध उरत नाहीत, मोकळं तांबं निळंच राहतं आणि जांभळा त्याखाली झाकला जातो. ‘थेंब थेंब घाला’ ही बाईंची सूचना या आकड्यांवर उभी आहे.

आता उलटं जाऊ. अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन, ३८५ अमिनो आम्लांची एक साखळी. आपल्या थेंबात त्याचे रेणू सुमारे ३६ वर पंधरा शून्यं इतके. आपल्या शहराचं बहुतेक पाणी येतं पवना धरणातून. नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत, तिथून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि मग आकुर्डीच्या नळाला. धरण तुडुंब भरलं की साठा साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट. समजा, भरलेल्या धरणात हा एकच थेंब टाकला आणि तो तळापर्यंत, काठापर्यंत अगदी सारखा मिसळला. मग धरणातलं कुठूनही एक मिलिलिटर पाणी घेतलं, तर त्यात ओव्हाल्ब्युमिनचे दीडशे रेणू सापडतील. पेलाभर पाण्यात तीस हजार. मी हा गुणाकार पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे, कारण विश्वास बसत नाही. उत्तर तेच येतं.

या पेल्याबद्दल मोरचूद काहीच सांगणार नाही. साध्या डोळ्यांना जांभळा दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण एक मिलिग्रॅम तरी प्रथिन लागतं, म्हणजे ५५ परार्ध बंध. त्याच्या खाली रंग इतका फिका की असून नसल्यासारखा. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. चाचणीचं ‘नाही’ हे शून्य नसतं. तो एक उंबरठा असतो आणि त्याच्या अलीकडे अफाट गर्दी उभी असू शकते.

साबुदाणा घ्या. उपासाच्या खिचडीत प्रथिन असतं ते दाण्याच्या कुटाचं. शेंगदाण्यात प्रथिन शेकडा पंचवीसच्या आसपास. साबुदाण्यात मात्र शंभर ग्रॅमला जेमतेम ०.२ ग्रॅम. एक साबुदाणा वाटून नळीत टाकला तर रंग येणार नाही. वहीत ‘प्रथिन नाही’ अशीच नोंद होईल. पण दहा मिलिग्रॅम भरेल अशा त्या एका दाण्यात वीस मायक्रोग्रॅम प्रथिन असतं आणि त्यात बंध असतात एक परार्धाहून थोडे जास्तच. लीलावतीच्या शिडीची शेवटची पायरी एका साबुदाण्याने गाठली, तरी चाचणी म्हणते, नाही.

उलट बाजूही आहे. केस, नख, लोकर, रेशीम ही सगळी जवळजवळ प्रथिनंच. पण केसाचं टोक नळीत टाकलं तर रंग सहजी येत नाही, कारण तिथलं केराटिन विरघळतच नाही आणि तांब्याला बंधांपर्यंत पोचता येत नाही. पालक-मेथीच्या पानात रुबिस्को नावाचं प्रथिन भरलेलं असतं. पृथ्वीवर सर्वांत जास्त असलेल्या प्रथिनांत त्याची गणना होते. सगळ्या हिरव्या पानांतलं मिळून त्याचं वजन ७० कोटी टनांच्या घरात असावं असा अंदाज आहे. पण पाल्याचा रस नळीत घेतला तर हिरव्या रंगाखाली जांभळा बुडून जातो. दूध मात्र लगेच कबुली देतं. त्यात प्रथिन शेकडा तीन-सव्वातीनच, पण एका मिलिलिटरमध्ये केसीन या एका प्रकारच्या प्रथिनाचेच सुमारे सात परार्ध रेणू असतात. तूरडाळीचं पीठ कोमट पाण्यात घोळवून गाळलं की तेही जांभळं. साखर, मीठ, गाळलेलं तेल निळ्यावरच थांबतात.

उंबरठा खाली आणायची धडपड शास्त्रज्ञांनी किती केली, याचा एक आकडा मला आजही चकित करतो. १९५१ साली ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिन मोजायची नवी पद्धत छापली. पाया हाच, तांबं आणि पेप्टाइड बंध; वर आणखी एका रसायनाची जोड, त्यामुळे कितीतरी कमी प्रथिन दिसू लागलं. २०१४ मध्ये ‘नेचर’ने मोजदाद केली, तेव्हा जगातल्या सगळ्या विज्ञानशाखांत मिळून सर्वाधिक वेळा संदर्भ दिला गेलेला शोधनिबंध हाच निघाला: तीन लाख पाच हजारांहून जास्त वेळा. सापेक्षतेचा नाही, डीएनएच्या रचनेचा नाही; प्रथिन कसं मोजावं याचा. दुसऱ्या क्रमांकावर प्रथिनं विजेच्या साहाय्याने वेगळी करण्याचा लेमली यांचा १९७० चा निबंध आणि तिसऱ्यावर पुन्हा प्रथिन मोजण्याचाच, मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा. म्हणजे पहिले तिन्ही प्रथिनांचेच. आज प्रतिपिंडांचा वापर करणाऱ्या चाचण्या मिलिलिटरमागे पिकोग्रॅमपर्यंत, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागापर्यंत जातात. पण एक पिकोग्रॅम ओव्हाल्ब्युमिन म्हणजेसुद्धा सव्वा कोटीहून जास्त रेणू. पवनेच्या पाण्यातले मिलिलिटरला दीडशे तिथेही सुटून जातात.

बाजारात मात्र प्रथिन मोजतात ते बहुधा बंधांवरून नाही, नायट्रोजनवरून. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही रीत बसवली: पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातला सगळा नायट्रोजन मोकळा करायचा, मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनात नायट्रोजन साधारण शेकडा १६. जगभरातली डब्यांवरची प्रथिनाची कितीतरी आकडेवारी या गुणाकारातून येते. रीत भक्कम आहे, पण तिला एकच गोष्ट दिसते. नायट्रोजन प्रथिनातून आला की आणखी कशातून, हे तिला कळत नाही.

उदाहरणार्थ, मेलामाइन या रसायनाच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजन. ६.२५ ने गुणलं तर शंभर ग्रॅम मेलामाइन कागदावर ४१६ ग्रॅम प्रथिन म्हणून उमटतं. शंभराचे चारशे सोळा! या गुणाकाराच्या फटीतून २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं आणि ते बाळांच्या दुधाच्या पावडरीत गेलं. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे २ लाख ९४ हजार बाळं आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सहा दगावली. मेलामाइनमध्ये एकही पेप्टाइड बंध नाही. त्याच्या नुसत्या द्रावणात मोरचूद टाकलं असतं तर जांभळा आलाच नसता.

युरियाचंही तसंच. त्यात नायट्रोजन शेकडा ४६.६, म्हणजे केल्डालच्या हिशेबाने शंभर ग्रॅमचे २९१ ग्रॅम ‘प्रथिन’. दुधातल्या युरियाच्या भेसळीमागे हा लोभ आहे. युरियाच्या द्रावणात मोरचूद जांभळं होत नाही. पण खताच्या गोणीतले तेच पांढरे दाणे कोरड्या नळीत १३३ अंशांच्या वर तापवले की ते वितळतात, अमोनियाचा वास सुटतो आणि मागे बाययुरेट नावाचं संयुग राहतं. ते गार करून, विरघळवून त्यावर कॉस्टिक सोडा आणि मोरचूद घातलं की जांभळा येतो, प्रथिनाचा कण नसताना. प्रत्येक चाचणीची नजर कशावर आहे आणि कशावर नाही, हे माहीत असल्याशिवाय तिचा निकाल वाचू नये. व्यायामशाळेतल्या महागड्या पावडरींबाबत हेच लक्षात ठेवावं. ग्लायसीन हे अमिनो आम्ल सुटं स्वस्त मिळतं. ते मिसळलं तर नायट्रोजनचा आकडा फुगतो, पण साखळी नाही, म्हणजे बंधही नाही.

ही नजर कमावलेली एक मराठी बाई आपल्याकडे होऊन गेली. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, जन्म १९११. दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि श्रीनिवासय्यांच्या हाताखाली काम सुरू केलं. विषय होता दूध आणि डाळी-कडधान्यांमधली प्रथिनं. ज्या देशात बहुसंख्यांचं प्रथिन वरणातून येतं, तिथे वरणातलं प्रथिन मोजणं हे काम फार मोठं होतं. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. भारतात परतून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरा, कडधान्यं आणि डाळींतले, ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे रोधक यांवर काम केलं. कडधान्यं कच्ची खाल्ली तर पचनाला त्रास होतो, त्याचं एक कारण हे रोधक. तेही प्रथिनंच आणि उष्णतेने त्यांतले बरेचसे निकामी होतात. कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब तिथे जाऊन मिळतो. उत्तरायुष्यात त्या मुंबईच्या ग्राहक संघटनेत भेसळ कशी ओळखावी हे सामान्य गृहिणींना सांगत राहिल्या. केंब्रिजची पदवी घेतलेली शास्त्रज्ञ घरच्या डब्यातल्या पदार्थांची तपासणी शिकवते, याला मी फार मोठं काम मानतो.

बटाट्यातलं ते सायटोक्रोम सी तसं लहान प्रथिन, शंभराच्या वर थोडेच दुवे. प्रत्येक दुव्याच्या जागी वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपैकी कोणतंही एक बसू शकतं. शंभर दुव्यांच्या वेगवेगळ्या साखळ्या किती होऊ शकतात? एकावर १३० शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंचा अंदाज एकावर ८० शून्यं इतका सांगतात. तो आकडा तर बासष्ट दुव्यांतच मागे पडतो. ३८५ दुव्यांच्या ओव्हाल्ब्युमिनसाठी शक्यता एकावर पाचशे शून्यं. त्यातली एकच मांडणी कोंबडीची पेशी दर वेळी अचूक उतरवते.

मोरचुदाला मात्र ही मांडणी दिसत नाही. बंध दिसतात, बंधाने कोण जोडलंय हे दिसत नाही. जिलेटिन छान जांभळं होतं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आपल्या शरीराला अत्यावश्यक अमिनो आम्ल अजिबात नाही. भातात लायसीन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, भातात ते बरं. वरण आणि भात वेगवेगळ्या नळ्यांत घेतले तर दोन्ही जांभळे. ताटात ते एकमेकांचं उणं भरून काढतात, हे नळी सांगत नाही.

आता शहराकडे. माणशी रोज पन्नास ग्रॅम प्रथिन धरलं, तर जनगणनेच्या सव्वासतरा लाख माणसांना रोज ८६ टन लागतं. ते सगळं तूरडाळीतूनच आणायचं म्हटलं, तर रोज ३९० टन डाळ. दहा टनी ट्रक एकोणचाळीस, दररोज, मुंबई-पुणे रस्त्यावर रांगेने. दुधातून आणायचं तर रोज २७ लाख लिटर. प्रत्यक्षात यातला मोठा वाटा गहू, ज्वारी, बाजरी आणि तांदूळ उचलतात, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

खाल्लेलं प्रथिन शरीरात नव्याने जुळवावं लागतं, आणि जुळणीचं कसब या पट्ट्याला नवीन नाही. आकुर्डीच्या बजाजच्या आवारात २०२२ मध्ये इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला, तेव्हा जाहीर झालेली क्षमता होती वर्षाला पाच लाख गाड्या. जिवाणूच्या जुळणीपुढे हा वेग काहीच नाही: आतड्यातला ई. कोलाय हा एकच जिवाणू, लांबी दोन मायक्रॉन, पोषण भरपूर असेल तर वीस-तीस मिनिटांत दुभंगतो, आणि तेवढ्यात स्वतःसाठी तीसेक लाख प्रथिन-रेणू नव्याने जुळवतो. त्याची जुळणी केंद्रं म्हणजे रायबोसोम. एकेक रायबोसोम सेकंदाला पंधरा-वीस दुवे ओवतो.

आणि आपलं रक्त? शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी, प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू. पेशी १२० दिवस टिकते, म्हणून दर सेकंदाला चोवीस लाख नव्या पेशी अस्थिमज्जेतून बाहेर येतात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ५७४ अमिनो आम्लं. गुणाकार केला तर फक्त हिमोग्लोबिनसाठी, फक्त एका माणसाच्या शरीरात, दर सेकंदाला साडेतीन परार्धांहून जास्त बंध जुळतात. अंड्याच्या एका थेंबातले २७० परार्ध बंध सव्वा मिनिटात संपतील.

अर्थात अंड्याचे बंध तसेच्या तसे रक्तात जात नाहीत. जठरात आणि आतड्यात ते आधी जवळजवळ सगळे तोडले जातात, सुटी अमिनो आम्लं होतात आणि मग नवी साखळी पहिल्या दुव्यापासून ओवली जाते. शरीर रोज जवळपास ३०० ग्रॅम प्रथिन असं तोडतं आणि जोडतं, खाण्यातून येतं त्याच्या पाच-सहा पट. बाकीचा माल आपल्याच जुन्या पेशींचा: एकशेविसाव्या दिवशी मोडलेल्या तांबड्या पेशीतली अमिनो आम्लं पुन्हा कुठल्यातरी स्नायूत, विकरात किंवा नव्या तांबड्या पेशीत जाऊन बसतात. म्हणून एकादशीला साबुदाण्यावर काढलेल्या दिवसातही सेकंदाला चोवीस लाखांचा हा हिशेब चालू राहतो.